उलटं करून पाहिलेलं फ्रेंच जॅकेट

कपडा हातात आला की मी तो आधी उलटा करते. सुलट बाजूला इस्त्री असते, शिंप्याची अक्कल उलट्या बाजूला दिसते. डोंबिवलीत माझं ऑल्टरेशनचं दुकान आहे. त्याआधीची उमेदीची वर्षं अंधेरीच्या एका एक्सपोर्ट युनिटमध्ये डबल निडल मशीनवर गेली. भाचा नोकरीनिमित्त पॅरिसला असतो. या खेपेला त्याने फोनवर विचारलं, "मावशी, अत्तर आणू का?" म्हटलं, अत्तर राहू दे, तिकडच्या कामगारांचं निळं जॅकेट मिळतंय का बघ. वापरलेलंच आण, ठिगळ असलं तर सोन्याहून पिवळं. तो हसला, पण पॅरिसलगतच्या सँतुएँच्या जुन्या बाजारातून घेऊन आला. साठ युरो पडले, म्हणजे तेव्हाच्या भावाने आपले साडेपाच हजारांच्या आसपास.

कापड मोलस्किन. आहे सुतीच, पण बाणा, म्हणजे आडवा धागा, इतका ठासून भरलेला की वारा आत शिरत नाही. आतली बाजू किंचित खरवडून मऊ केलेली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून फ्रान्समधले कारखान्यातले, रेल्वेतले, शेतावरचे लोक याच धाटणीचं जॅकेट घालत आलेत: सरळ कट, छोटी कॉलर, पुढे बटणं, बाहेरून शिवलेले तीन खिसे, आत एक. अस्तर नाही. झिजलं तर घरच्या घरी दुरुस्त व्हावं असंच बेतलेलं.

आता शिलाई. बाहीची आणि बगलेखालची शिवण दुमडून तीन टिपा मारलेल्या आहेत, त्यामुळे आत धागे लोंबत नाहीत आणि ओव्हरलॉकची गरजच पडत नाही. बटणं मूळची चार, एक बदललेलं. काजं अजून घट्ट. खिशांच्या वरच्या कोपऱ्यांवर ताण येतो, तिथे छोटा तिकोन मारून टीप मागे फिरवलेली आहे. आजकाल हे काम बारटॅक मशीन झटक्यात करतं, पण इथे कोणीतरी प्रत्येक कोपऱ्यावर कापड हाताने वळवलंय.

पण मी तासभर बघत बसले ते उजव्या कोपराचं ठिगळ. आतून लावलेलं, दुसऱ्याच कुठल्यातरी जॅकेटचं कापड, निळा रंग दोन छटा गडद. चारी कोपरे गोल कापलेत. टोकदार कोपरा धुण्यात आधी उचलला जातो, हे ज्याला ठाऊक आहे तोच गोल कापतो. कडा आत दुमडून हाताने बारीक टाके घातलेत, आणि भोकाच्या भोवती उभे-आडवे धागे भरून रफू. हे काम शिंप्याच्या दुकानातलं वाटत नाही, टाक्यांची लांबी मध्येच बदलते. दिवसभराचं आवरून झाल्यावर रात्री कमी उजेडात बसलं की टाके असेच पडतात. उजव्या खालच्या खिशाचा तळ एकाच जागी विरलाय. काहीतरी जड हत्यार रोज तिथेच पडत असणार.

रंगाचं सांगते. ठिगळाजवळचा एक धागा उसवून पाहिला, तर गाभ्यापर्यंत निळा. म्हणून हे जॅकेट सगळीकडून सारखं फिकं होत गेलंय. जीन्सचं तसं नाही. डेनिमचा ताणा, म्हणजे उभा धागा, नीळीत बुडवतात, हवेत धरतात, परत बुडवतात. नीळ धाग्याच्या वरच्या थरावरच बसते, आत सूत पांढरंच राहतं, आणि बाणा तर न रंगवलेलाच असतो. गुडघा, मांडी, खिशाची कड घासली की पांढरं डोकावतं. त्या पांढऱ्यावर केवढा मोठा धंदा उभा आहे! ही नीळ एके काळी आपल्याकडून जायची. चंपारणच्या शेतकऱ्याला वीस कठ्ठे जमिनीतले तीन कठ्ठे नीळीला द्यावेच लागत. 1897 पासून जर्मनीच्या बीएएसएफने रासायनिक नीळ बाजारात आणली आणि शेतातल्या नीळीचा भाव कोसळला, तरी 1917 मध्ये गांधीजी तिकडे गेले तेव्हा सक्ती होतीच.

साठ युरो जास्त आहेत का? मूळ मालकाने ऐकलं असतं तर डोक्याला हात लावला असता. न्यूयॉर्क टाइम्सचे फोटोग्राफर बिल कनिंगहॅम सायकलवरून फॅशनचे फोटो काढत फिरायचे, ते हेच निळं जॅकेट घालून. पॅरिसचे रस्ते झाडणारे घालतात म्हणून स्वस्त, आणि कॅमेरा घासून कपडा खराब होतो, मग भारीतला कशाला, असा त्यांचा सरळ हिशोब. 2016 मध्ये ते वारले. आज तेच जॅकेट डिझायनर दुकानांत हँगरवर लटकतं, आणि किंमत बघून माझ्यासारखीला घाम फुटतो.

जीन्सची सुरुवातही अशीच गरजेतून झालेली. अमेरिकेत नेवाडातल्या रीनो गावी जेकब डेव्हिस नावाचा शिंपी होता. एका लाकूडतोड्याची बायको त्याच्याकडे आली: नवऱ्याच्या विजारी टिकत नाहीत, जरा दणकट शिवून द्या. त्याने खिशांच्या कोपऱ्यांना तांब्याच्या रिबिटी ठोकल्या. पेटंटचे पैसे जवळ नव्हते, म्हणून कापड पुरवणाऱ्या लेवाय स्ट्रॉसला भागीदार केलं, आणि 20 मे 1873 ला पेटंट मिळालं. सगळे नाव घेतात ते व्यापाऱ्याचं. शिंप्याचं कोण घेतो?

आपल्याकडे 1995 मध्ये अरविंद मिल्सने रफ अँड टफ काढली होती, आठवतंय? पाकिटात डेनिमचं कापड, झिप, बटण, रिबिटी, लेबल. शिलाई गल्लीतल्या टेलरकडे. तेव्हा साध्या मशीनची सुई त्या कापडावर कटाकट तुटायची. तरी ती कल्पना मला आजही आवडते. जीन्स गिऱ्हाइकाच्या मापाची व्हायची आणि चार पैसे गल्लीतच राहायचे.

मध्यंतरी एका मॉलमध्ये याच धाटणीचं नवं जॅकेट पाहिलं, किंमत माझ्या जॅकेटपेक्षा दुप्पट. कोपरावर ठिगळ होतं, पण खाली भोकच नाही! खिशाला एकेरी टीप, कोपरे मोकळे. फाडून आणि झिजवून विकायची हौस पूर्वी वाळूच्या फवाऱ्याने भागवायचे. ती धूळ छातीत जाऊन तुर्कस्तानात जीन्सचे कामगार सिलिकोसिसने मेले, तेव्हा 2009 मध्ये तिथे बंदी आली. पुढच्या वर्षी लेवायने आणि एच अँड एमनेही ती पद्धत सोडत असल्याचं जाहीर केलं. त्यामुळे झिजलेलं हवं असेल तर खरोखर कोणीतरी घालून झिजवलेलंच घ्यावं, या मताची मी आहे.

अंगात कसं बसतं? मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो घेर, खोल आहे, म्हणून कुठे काचत नाही. माझे बाबा रेल्वे वर्कशॉपमध्ये निळी डांगरी घालायचे, ती मुंढ्यात नेहमी काचायची. शर्टावरून घालायचं म्हणून माप मोठं, खांदा उतरतो, बायकांनी एक नंबर लहान घ्यावं. बाही लांब वाटली तर कापू नका, दोनदा दुमडा, आतली फिकी बाजू छान दिसते. डोंबिवलीच्या उकाड्यात आणि आठ पन्नासच्या लोकलमध्ये मात्र विसरा. एसी ऑफिस, पुण्याची थंडी, नाहीतर पहाटेचा एसटीचा प्रवास, तिथे उत्तम.

ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून उलट्या बाजूचे फोटो मागा. कॉलरची घडी आणि बगल बघा. तिथे कापड विरलं असेल तर रफू टिकत नाही. ग्रीसचे डाग जात नाहीत, ते धरूनच भाव करा. पहिल्या धुण्यात बादलीतलं पाणी निळंशार होतं, म्हणून वेगळं धुवा आणि उलटं करून सावलीत वाळत घाला.