वाफा भिंतीलगत की मोकळ्या कोपऱ्यात?

मैत्रिणीला परसात भाजी लावायचीय. स्वयंपाकघराच्या भिंतीलगत वाफा करावा की आवारातल्या लांबच्या मोकळ्या कोपऱ्यात, यावर तिचं अडलंय.

आधी ऊन. टोमॅटो, मिरची, वांगी यांना रोज ६ ते ८ तास थेट ऊन हवं. पालक, कोथिंबीर ३-४ तासांवर भागवतात. भिंतीची सावली अर्धा दिवस खाते, त्यामुळे इथे कोपरा सरस. फक्त एका दिवसाच्या उन्हावर जाऊ नका, ऋतूप्रमाणे सावली सरकते.

पाणी आणि देखरेख यांत भिंत उजवी. नळ हाताशी, शिवाय येता-जाता पानामागे चिकटलेला मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसतो. लांबच्या वाफ्यात तो कळेपर्यंत शेंडे आकसलेले असतात, आणि ते बघून खरंच जीव तुटतो.

माती दोन्हीकडे खणून बघाच. भिंतीशी बरेचदा विटांचे तुकडे, चुना निघतो. फूटभर खड्डा पाण्याने भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी दिवसभरात उतरलं नाही, तर उंच वाफा केल्याशिवाय तिथे लावू नका.

रोज फेरी मारणार असाल आणि फळभाज्या हव्या असतील, तर कोपरा. वेळ कमी आणि पालेभाजी पुरेशी असेल, तर भिंत.