अँबेसेडर घ्यायची तर हँडगिअरची की इसुझूची?

जुनी अँबी घ्यायचीच असं ठरलं असेल तर मार्क टू की मार्क फोर या वादात पडण्याआधी गिअर कुठला हवा ते ठरवा, स्टिअरिंगवर दांडा असलेला हँडगिअर की इसुझूवालीचा खाली असलेला, ग्रिल आणि पार्किंग लाइट नंतर बघता येतात. बाहेरून ही गाडी शेवटपर्यंत जवळपास तीच राहिली. मूळ इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री, १९५६ ची, तीच पुढे हिंदुस्तान मोटर्सच्या बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात अँबेसेडर म्हणून बनायला लागली आणि २०१४ ला प्रॉडक्शन थांबेपर्यंत पत्र्याचा घाट बदलला नाही. १९६३ ला मार्क टू, १९७५ ला थ्री, १९७९ ला फोर, दर वेळी मुख्यतः तोंड बदललं. आयातीवर बंधनं, परकीय चलनाची चणचण, आणि गिऱ्हाईक नंबर लावून बसलेलं, मग पत्र्याचे नवीन साचे करायचा खर्च कोण कशाला करेल. खरा बदल आला १९९२ मध्ये, जपानच्या इसुझू कंपनीचं १८०० सीसीचं इंजिन, पाच गिअर, आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगवरून खाली आला.

हँडगिअरची बाजू मला मनापासून पटते हे आधीच सांगतो. पुढे सलग सीट, तिघं ऐसपैस बसतात. मीटर डॅशबोर्डच्या मधोमध. आणि ते १४८९ सीसीचं बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सीरिज इंजिन, जे इंग्लंडच्या एमजीए स्पोर्ट्स कारमध्येही होतं, त्यामुळे त्याची माहिती असलेले शौकीन जगभर सापडतात, आणि आपल्याकडचे जुने मेकॅनिक तर त्यातला पेट्रोल-हवा मिसळणारा एसयू कार्बोरेटर नुसत्या कानाने ट्यून करतात. कागदपत्रांचाही मुद्दा आहे, २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून रजिस्टर होते, व्हीए सीरिजचा नंबर मिळतो. इसुझूवालीला त्यासाठी २०४२ पर्यंत थांबावं लागेल. फक्त लक्षात ठेवा, विंटेज नंबरची गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती असल्या कामापुरतीच रस्त्यावर काढता येते, रोज भाजी आणायला नाही.

आता माझं घोडं कुठे अडलं ते. माझ्याकडे आधी हँडगिअरची मार्क फोर होती. स्टिअरिंगच्या दांड्याखालून गिअरबॉक्सपर्यंत रॉड आणि लिव्हर जातात, प्रत्येक सांध्याला बुश, म्हणजे झीज सोसणारी छोटी नळी. एकेक बुश थोडा झिजतो, सगळ्यांचा ढिलेपणा मिळून दांडा हातात लुळा पडतो, आणि मग दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना मधेच अडकतो, ना पुढे ना मागे. सिग्नल हिरवा, मागे हॉर्नचा कल्ला, आणि आपण खाली उतरून बोनेट उघडून गरम इंजिनाशेजारी हात घालून रॉड हलवतोय. अडकलेला रॉड सुटला की गिअर परत न्यूट्रलला आणि गाडी चालू, दोन मिनिटांचं काम. बुश बदलले, ॲडजस्ट केलं, काही महिने लोण्यासारखं चाललं, मग पुन्हा तेच. गाडीला बोल लावत नाही, इतकी वर्षं वापरलेल्या सांध्यांचं असंच होणार. पण बायकोला किंवा आईला घेऊन निघालं की प्रत्येक सिग्नलला पोटात गोळा यायचा, आणि गाडी चालवायची मजा त्या एका गोष्टीने खाल्ली.

म्हणून मी १८०० आयएसझेड, म्हणजे इसुझूवाली घेतली. दांडा थेट गिअरबॉक्सवर, पाचवा टाकला की हायवेवर इंजिन शांत होतं, घाटात ओव्हरटेक करताना आधीसारखा श्वास रोखून धरावा लागत नाही. मीटर समोर, स्टिअरिंगच्या मागे. बकेट सीटवाली असेल तर पुढे तिसरा माणूस विसरा, आणि जुन्या अँबीचा तो खोल ठसका हिच्यात नाही, त्याची मला अजून आठवण येते. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) तेच, खड्ड्यातली ती निवांत हेलकावणारी चाल दोन्हीत तीच, मागच्या सीटवर बसणाऱ्याला फरक कळणारसुद्धा नाही.

रॅलीला न्यायची, रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर एक फेरी मारायची, घराजवळ हँडगिअर जाणणारा मिस्त्री आहे, असं असेल तर मार्क टू घ्या, तिच्यासारखी देखणी दुसरी नाही. पण गावाला जायला, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला गाडी वापरणार असाल तर मी इसुझूच सुचवेन. हँडगिअरवालीच आवडली तर सौदा करण्याआधी गाडी चांगली गरम होऊ द्या, मग ट्रॅफिकमध्ये दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा असं पुन्हा पुन्हा टाकून बघा. थंड इंजिनावर मालकाच्या अंगणात सगळ्याच गाड्यांचे गिअर नीट पडतात.