चिकटलेला स्क्रूड्रायव्हर

गिटार दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत स्क्रूड्रायव्हर माझ्या इलेक्ट्रिक गिटारच्या जुन्या पिकअपवर, म्हणजे तारांखालच्या चुंबक आणि कॉइलच्या डबीवर, टेकवला आणि हात सोडला. स्क्रूड्रायव्हर घसरून टेबलावर पडला. मग तोच नव्या पिकअपवर टेकवला. टच्चकन चिकटला, पिकअप उलटा केला तरी पडेना. "बघा सर, जुन्याचं मॅग्नेट डाउन झालंय. चाळीस वर्षं झाली, अजून काय होणार?" मी मान डोलावली. ती मान डोलावणं मला साडेसोळा हजारांना पडलं.

झालेली शोभा खरं तर गिळून टाकली होती. पण गेल्या महिन्यात आमच्या ग्रुपमधला एक मुलगा पिकअप बदलायला नेमका त्याच माणसाकडे निघाला, म्हणून हे लिहितोय.

गिटार मामाची. मामा बोटीवर होता, जपानच्या एका फेरीत त्याने ती घेतली. ग्रेको या जपानी कंपनीची, गिब्सनच्या लेस पॉल घाटाची. सिरियल नंबर सी ८२ ने सुरू होतो. ग्रेकोच्या नंबरात पहिलं अक्षर महिन्याचं आणि पुढचे दोन आकडे सालाचे, म्हणजे मार्च १९८२. मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनलेली. त्या काळात ग्रेकोला पिकअप मॅक्सनचे असत, ट्यूब स्क्रीमर हे ओव्हरड्राइव्ह, म्हणजे आवाज फाडणारं, पेडल ज्यांनी बनवलं तीच ही मंडळी. हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा एवढंच ठाऊक होतं की मामा गेल्यावर मामींनी ती माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "वाजवत राहा, नुसती भिंतीला टांगू नकोस."

वाजवत होतोच. पण आवाज गोधडीखालून आल्यासारखा यायचा. खर्ज भरपूर आणि वरची धार कुठे नाहीच. ॲम्पवर ट्रेबल दहावर नेला तरी तेच. सोसायटीच्या गणपतीत आमच्या बँडचा कार्यक्रम ठरला होता. सोलो कोणाला ऐकूच जाणार नाही, या धास्तीने मी श्रावणात गिटार उचलली आणि पिंपरीच्या बाजूला एका जिन्यावरच्या खोलीत जाऊन पोचलो. माणूस बोलायला गोड, भिंतीवर आठ-दहा गिटारी लटकलेल्या, टेबलावर सोल्डरिंगची बंदूक. आपल्याला विश्वास बसायला आणखी काय लागतं?

त्याने काय विकलं ते सांगतो. सीमोर डंकन या नामांकित कंपनीच्या पिकअपची जोडी. ब्रिजला, म्हणजे तारा खाली टेकतात त्या बाजूला, जेबी मॉडेल; नेकला, म्हणजे मानेच्या बाजूला, फिफ्टी-नाइन. "माझ्याच एका कस्टमरच्या गिटारमधून काढलेली, दोन महिने पण वाजवली नाही." किंमत १४,०००. चारही पॉट, म्हणजे व्हॉल्यूम-टोनची फिरकी बटणं, नवे, त्यातला एक खेचून पिकअपच्या दोनपैकी एकच कॉइल चालू ठेवायचा पुश-पुल, त्याचे १,८००. मजुरी १,२००. आणि जुने पिकअप "मेलेले आहेत सर, पण तुमच्यासाठी" पाचशेला घेतले. खोका दाखवला, खोक्यावरचं लेबल दाखवलं. मी कडेच्या खुर्चीवर बसून चहा पीत राहिलो.

लेबलाची एक गंमत नंतर वाचली, इथेच सांगून टाकतो. हमबकर, म्हणजे असा दोन कॉइलचा पिकअप, सेथ लव्हरने गिब्सनमध्ये बनवला, पेटंटचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. तरी 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' असं सांगणारे स्टिकर त्यानंतरही काही वर्षं पिकअपच्या पाठीवर लागत राहिले. पुढे नंबरवाला स्टिकर आला, तर त्यावरचा २,७३७,८४२ हा नंबर पिकअपच्या पेटंटचा नव्हताच, तो गिटारवादक लेस पॉलच्या, तारा अडकवायच्या टेलपीसच्या पेटंटचा. खऱ्या कारखान्यातून निघालेल्या खऱ्या मालाच्या स्टिकरची ही कथा. मग जिन्यावरच्या खोलीतला खोका काय सिद्ध करणार? खोका रिकामाही विकत मिळतो.

काम झाल्यावर त्याने गिटार ॲम्पला लावून माझ्या हातात दिली. आणि खोटं कशाला बोलू, आवाज खरंच उघडला होता. मोठा, तिखट, धारदार. माझी फसवणूक इतकी सफाईने झाली ती यामुळेच. काहीच फरक पडला नसता तर मी तिथेच भांडलो असतो. फरक पडला होता, फक्त तो पिकअपमुळे पडला नव्हता.

पहिली खटकलेली गोष्ट पुश-पुल. खेचला, ढकलला, आवाज तोच. फोन केला तर म्हणाला, "सर, या सेटमध्ये डिफरन्स सटल असतो." हमबकरचं एक कॉइल बंद केलं की आवाज बारीक होतो, घरघर सुरू होते, ते न वाजवणाऱ्यालाही कळतं. तरी मी माझ्या कानालाच दोष दिला. दुसरी गोष्ट, जाड तारांवर बाराव्या पट्टीच्या वर गेलं की सूर डगमगायचा, एकाच तारेत दोन सूर भांडताहेत असा. तिसरी गोष्ट झाली ती मांडवात, चारशे माणसांसमोर. ओव्हरड्राइव्ह चालू केला आणि स्पीकरमधून जी किंचाळी सुटली, ती व्हॉल्यूम शून्यावर नेईपर्यंत थांबेना. पुढच्या रांगेतल्या आजींनी कानांवर पदर घेतला. नंतर घरी नखाने पिकअपच्या कव्हरवर टिचकी मारून पाहिली तर ॲम्पमधून माइकवर वाजवावी तशी टकटक स्वच्छ ऐकू आली.

विसर्जन झाल्यावर गिटार घेऊन पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत गेलो. तिथल्या एका बोळात एक काका आहेत, सगळा जन्म ॲम्प्लिफायर आणि मिक्सर दुरुस्त करण्यात गेलेला. गिटार वाजवता येत नाही, त्यातलं वायरिंग कोळून प्यालेले. मी आपली कहाणी सुरू केली, त्यांनी हातानेच थांबवलं. "आधी मोजू दे. मग बोल."

गिटार उघडलीसुद्धा नाही. नेहमीची केबल गिटारला लावली, व्हॉल्यूम-टोन पूर्ण उघडे, स्विच ब्रिजवर, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाच्या पिनला मल्टिमीटरच्या दोन्ही वायरी टेकवल्या. एक टोकाला, एक दांड्याला, मीटर २० किलो-ओहमवर. आकडा आला ८.४. स्विच नेकवर, आकडा ८.४. काका म्हणाले, "जुळे आहेत."

जेबीचा आकडा १६ किलो-ओहमच्या वर असतो. पॉट समांतर जोडलेला असल्यामुळे जॅकवर मोजताना थोडा घटतो, पण ५०० के, म्हणजे किलो-ओहमच्या, पॉटला १६ चे साडेपंधरा होतील, साडेआठ नाही. फिफ्टी-नाइनचा नेक साडेसातच्या जवळ. दोघे एका आकड्यावर येणं शक्यच नाही. आकडा मोठा म्हणजे पिकअप भारी असं मुळीच नाही, हेही काकांनीच सांगितलं. तार बारीक असली की ओहम वाढतात, बस. मोजायचं ते जे सांगून विकलं तेच आहे का, एवढ्यासाठी. जिन्यावरच्या खोलीत हे करायला मला एक मिनिट लागलं असतं.

मी तिथूनच त्या माणसाला फोन लावला, स्पीकरवर. तो म्हणाला, "सर, पावसाळी हवेत रीडिंग कमी येतं." काका खो-खो हसले. तांब्याचा रोध तापमानाबरोबर बदलतो हे खरं आहे, दहा अंशांना साधारण चार टक्के. गारठ्यात कमी होतो हेही खरं. पण सोळाचे साडेआठ व्हायला गिटार उणे शंभर अंशात नेऊन ठेवावी लागेल. पुण्यात अजून तेवढी थंडी पडलेली नाही.

मग पिकअप बाहेर काढले. ब्रिजच्या पिकअपमधून एकच आतली तार आणि वर जाळी, एवढंच निघालं. जेबीला चार तारा आणि वर उघडी अर्थची तार असते, डंकनच्या रंगांत काळी, पांढरी, लाल, हिरवी. दोन्ही कॉइलची टोकं बाहेर आलेलीच नसतील तर पुश-पुल तोडणार काय? त्याच्या पायांवर कशीबशी सोल्डर चिकटवलेली होती, वायर कुठेच जात नव्हती. १,८०० रुपयांमधला तो नुसता दागिना. कव्हर उचकटलं तर आत मेणाचा थेंब नाही. चांगले आधुनिक पिकअप मेणात बुडवतात ते कॉइल आणि कव्हर आतल्या आत थरथरू नयेत म्हणून. मांडवातली किंचाळी ती हीच.

शेवटी चुंबक. कॉइलच्या खाली पट्टी असते, तिची कड बाजूने दिसते. काळी, पाटीच्या पेन्सिलीसारखी. काकांनी मीटर बीपवर ठेवून तिच्यावर दोन्ही टोकं टेकवली. गप्प. पिकअपचं चुंबक सहसा अल्निकोचं नाहीतर सिरॅमिकचं; अल्निको हा धातू आहे, बीप वाजलाच पाहिजे. सिरॅमिकमधून वीज जात नाही. जेबी आणि फिफ्टी-नाइन दोन्ही अल्निकोचे. सिरॅमिक वाईट असतं असं नाही, १९७२ सालचा डीमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन सिरॅमिकवरच नावाजला. पण मी अल्निकोचे पैसे मोजले होते.

"आणि तो स्क्रूड्रायव्हर," काका म्हणाले, "अरे, त्याने तुला स्वतःहून दाखवलं की हे सिरॅमिक आहे. त्याची ओढ जास्त असते. जुन्या अल्निकोची मुळातच कमी. बसल्या जागी चाळीस वर्षांत चुंबक मरत नाही."

मग आवाज उघडला कशाने? स्क्रू आणि जुने पॉट त्याने प्रामाणिकपणे एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून मला परत दिले होते. भंगार ना ते, ठेवून काय करणार! पिशवी माझ्या गिटारच्या बॅगेत तशीच पडली होती. काकांनी व्हॉल्यूमचे दोन पॉट काढून चष्म्याजवळ धरले. पाठीवर लिहिलेलं, १०० के. मामाने कधीतरी पॉट खरखरतात म्हणून रेडिओवाल्याकडून बदलून घेतले असणार, आणि रेडिओवाल्याकडे जे होतं ते त्याने घातलं. हमबकरला ५०० के लागतो. "शंभरचा पॉट म्हणजे पिकअपच्या गळ्यातलं लोढणं," काका म्हणाले. वरची सगळी धार तिथेच दाबली जात होती. त्या माणसाने ५०० चे घातले, लोढणं सुटलं. हे त्याला पहिल्या दिवशीच दिसलं असणार, पॉटवर आकडा छापलेला असतो.

आणि मोठेपणा आला तो उंचीमुळे. पिकअप तारांच्या इतके जवळ चढवले होते की मध्ये एटीएम कार्ड जेमतेम सरकत होतं. जवळ गेलं की आवाज मोठा होतो, आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगला वाटतो. डगमगणारा सूर त्याचाच, चुंबक तारेला ओढून धरत होतं. लेस पॉल घाटाला शेवटच्या पट्टीवर तार दाबून मोजायचं, ब्रिजला साधारण १.६ मिलिमीटर, नेकला २.४. तिथून पुढे कानाने, पाव-पाव वळसा स्क्रू फिरवत. पिकअप बदलायच्या आधी हे फुकटचं काम करून पाहिलं असतं तर निम्मा प्रश्न घरीच सुटला असता. उरलेला निम्मा दोन पॉटच्या किमतीत.

पुन्हा त्याच्याकडे गेलो. जिन्यावरची खोली तीच, चहासुद्धा विचारला. म्हणाला, मला पण पुढून तसाच माल आला. बिल? नव्हतं. मीच म्हटलं होतं, राहू द्या, बिलाशिवाय थोडं कमी करा. पैसे यूपीआयने गेले होते ते भलत्याच नावावर, आणि शेऱ्यात मी स्वतःच्या हाताने 'गिटार सर्व्हिस' असं टाइप केलं होतं. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर काढून बसलो, पण तक्रारीत काय विकत घेतलं असं लिहिणार, त्याचा माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता.

सगळ्यात जास्त लागलं ते पुढचं. दिवाळीच्या सुमारास एका जुन्या सामानाच्या जाहिरातीत फोटो दिसला. 'जपानी व्हिंटेज हमबकर जोडी, १९८२, उत्तम आवाज.' एका कव्हरवर हाताच्या घामाने निकेल उडून तांबूस झालेला डाग, आंब्याच्या कोयीसारखा. तो डाग मी लहानपणापासून बघत आलोय. किंमत १५,०००. मेलेल्या मॅग्नेटची.

भांडलो नाही. नागपूरच्या मित्राला फोन करायला लावला. त्याने घासाघीस करून अकरा हजारांना ठरवलं, त्या माणसाने मॅग्नेट दणदणीत असल्याची ग्वाही दिली आणि खात्री म्हणून मल्टिमीटरवरच्या आकड्याचा फोटोसुद्धा पाठवला. मोजता येत होतं त्याला, सगळं येत होतं. कुरियर नागपूरला गेलं आणि तिथून पुण्याला आलं.

काकांनी बसवायच्या आधी दोन्ही मोजले, ७.७ आणि ७.९. आकडे तारखेसकट एका चिकटपट्टीवर लिहिले आणि पॉटच्या खळग्यात आतल्या बाजूला लावून टाकले. पाठीवरच्या शिक्क्यांचे फोटो माझ्याकडून काढून घेतले. मग वरच्या खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून ब्रिजच्या पिकअपवर टेकवला आणि सोडला. तो घसरून टेबलावर पडला. काकांनी उचलून परत खिशाला अडकवला. "तीनशे दे," म्हणाले.