इन्सुलिनच्या सुयांसाठी घेतलेला पांढरा डबा, तीन महिने वापरून

अण्णांना दिवसातून दोनदा इन्सुलिन असतं, पेनने (पेनसारखं इंजेक्शन), म्हणजे महिन्याला साठ सुया, शुगर चेक करताना बोटाला टोचायच्या छोट्या सुया, म्हणजे लॅन्सेट, वेगळ्या. इतकी वर्षं हे सगळं आम्ही सुक्या कचऱ्याच्या पिशवीतच टाकत होतो. दिवाळीच्या आधी कचरा घ्यायला येणाऱ्या मावशींनी पिशवी दाबली आणि सुई थेट बोटात गेली. सुई आमचीच होती. मला इतकं वाईट वाटलं ना. त्या एवढंच म्हणाल्या, "ताई, सुया वेगळ्या देत जा, वरून आम्हाला काय कळणार आत काय आहे."

त्यांना साबण लावून नळाखाली हात धुवायला लावला आणि लगेच डॉक्टरकडे नेलं. बोट पिळून रक्त काढायचं नाही, तोंडात तर घालायचंच नाही, हे मला तिथे कळलं. आणि एचआयव्ही होऊ नये म्हणून औषधं द्यायची वेळ आली तर ती 72 तासांच्या आत सुरू करावी लागतात, म्हणून उद्या बघू असं चालत नाही. अण्णांच्याही टेस्ट झाल्या, सगळं निगेटिव्ह आलं, मावशी ठीक आहेत.

त्याच आठवड्यात सर्जिकलच्या दुकानातून हा डबा आणला, दीड लिटरचा, सव्वादोनशेला. दवाखान्यात सुयांसाठी असतो तसाच पांढरा, जाड प्लॅस्टिकचा, सुई आरपार जात नाही. इलेक्ट्रिक नीडल बर्नर (सुई जाळायचं मशीन) पण बघितला होता, पण तो सिरिंजच्या लांब सुईला ठीक आहे, पेनची सुई 4 मिमीची आणि तिला मागच्या बाजूला पण एक टोक असतं जे पेनमधल्या इन्सुलिनच्या कार्ट्रिजमध्ये घुसतं, ते तसंच राहतं. म्हणून डबाच बरा.

एक तक्रार आहे. झाकणाला सुई अडकवून काढायची खाच दिलीय ती सिरिंजच्या सुईसाठी, पेनच्या सुईला उपयोग नाही, त्यामुळे मोठं टोपण लावून फिरवून काढायची आणि टोपणासकट टाकायची. मग जागा खूप जाते, दीड-दोन महिन्यात डबा पाऊण भरतो, आणि पाऊण भरला की झाकण कायमचं बंद करायचं, वरून दाबून अजून चार सुया बसवायच्या नाहीत.

डबा भरल्यावर द्यायचा कुठे ही खरी डोकेदुखी. 2016 च्या घनकचरा नियमात वापरलेल्या सुया-सिरिंज घरगुती घातक कचऱ्यात धरल्या होत्या, म्हणजे वेगळ्या द्यायच्या हे नक्की, पण मेडिकलवाला नाही म्हणाला, सोसायटीत कुणाला माहीत नाही. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांना विचारलं, त्यांच्या क्लिनिकचा बायोमेडिकल कचरा उचलायला गाडी येतेच, त्यांनी आमचा बंद डबा ठेवून घेतला. तुम्ही डबा घ्यायच्या आधीच हे विचारून ठेवा.

यात फक्त टोचणाऱ्या वस्तू टाकतो. रक्ताचा कापूस, बँडेज कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढून देतो, पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचकांनी सॅनिटरी पॅडसाठी ही लाल ठिपक्याची पद्धत आणलीय, मावशींना बघताक्षणी कळतं. आईचा संपलेला इनहेलर पण यात नाही, त्यात प्रेशर असतं, तो फोडायचा किंवा जाळायचा नाही. आणि पाऱ्याचा जुना थर्मामीटर घरात असेल तर तो तर यात अजिबातच नको.

डब्यावर मार्करने मोठ्या अक्षरात "सुया आहेत, उघडू नका" लिहिलंय आणि तो कपाटाच्या वरच्या फळीवर असतो, भाचा येतो ना घरी.

पाचपैकी चार स्टार. दुकानात घेताना रिकामा डबा बंद करून उलटा धरून जोरात हलवून बघा, मी आणलेल्या पहिल्या डब्याचं झाकण तसं केल्यावर निघून हातात आलं होतं, तो बदलून घेतला.