कास्टिंग स्टिक, अकरा महिन्यांनंतर: चित्र झकास, पण लाइट परत आली की घोळ

फोनवरचा व्हिडिओ वायफायवरून टीव्हीवर दाखवणारी, टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खुपसायची ही स्टिक जूनमध्ये लावली, आता एप्रिल संपत आला. म्हणजे अख्खा पावसाळा, गणपती, शिमगा सगळं तिच्या अंगावरून गेलंय. १०८० पिक्सेल, पाच व्होल्ट, एक अँपिअर हे खोक्यावर छापलेलं असतं, ते इथे उगाळत नाही. चित्राबद्दल तक्रार शून्य, आवाजाबद्दलही. रडगाणं एकाच गोष्टीचं: लाइट जाऊन परत आली की स्वारी रुसून बसते.

लाइट आल्यावर स्टिक चाळीसेक सेकंदांत चालू होते. फायबरचा डबा आणि राउटर यांना मिळून तीनेक मिनिटं लागतात. तोवर स्टिक वायफाय शोधते, सापडत नाही, दोन-चारदा धडपडते आणि ‘नेटवर्क नाही’ची पाटी लावून गप्प. मागाहून वायफाय आलं तरी तिला पत्ता नसतो. फोनवरचं कास्टचं चिन्ह गायब. मग टीव्हीमागे हात घाला, वायर काढा, दहा मोजा, परत लावा. कोकणात जुलैत लाइट दिवसाला आठ वेळा लपंडाव खेळते, तिथे हे आठ वेळा. हेल्पलाइनचं उत्तर ठरलेलं: फॅक्टरी रिसेट करा. रिसेटने फक्त पासवर्ड नव्याने भरायचं काम वाढतं. बिघाड सेटिंगमध्ये नाहीच, कोण आधी जागं होतं त्यात आहे.

फुकटातला पहिला उपाय म्हणजे स्टिकची वायर टीव्हीच्याच यूएसबीत खुपसायची. मग टीव्ही लावला की स्टिक उठते, तोवर राउटर उठलेला असतो, भांडण मिटलं. पण टीव्हीच्या साध्या यूएसबीतून ५०० मिलिअँपिअर मिळतात आणि स्टिक मागते दुप्पट. होम स्क्रीनवर काही कळत नाही. एचडी व्हिडिओ लागला आणि वायफाय नि प्रोसेसर दोघेही जोरात ओढायला लागले की दहाव्या मिनिटाला स्टिक आपोआप रीस्टार्ट. पोर्टशेजारी ‘५ व्होल्ट १ अँपिअर’ लिहिलेलं असेल तरच हा मार्ग धरा.

दुसरा उपाय बारा व्होल्टचा मिनी यूपीएस, राउटर आणि फायबरच्या डब्यासाठी. १०,४०० मिलिअँपिअर-तासांचा म्हणजे साधारण ३८ वॉट-तास. दोन्ही डबे मिळून दहा वॉट खात असतील तर तीन तास जातात. घेण्याआधी दोन्ही अडॅप्टर उलटून वाचा. एखादा राउटर नऊ व्होल्टचा निघतो, त्याला बारा दिले की गेलाच. पिनचं भोकही २.१ की २.५ मिलिमीटर ते बघा, एक दुसऱ्यात बसल्यासारखी वाटते आणि नंतर हलली की नेट जातं.

यूपीएस उत्तम चालतो, पण फक्त स्टिकसाठी पैसे घालू नका, हे मला उशिरा सुचलं. स्टिकचा अडॅप्टर एक्स्टेंशन बोर्डावर वेगळ्या बटणाखाली घ्या, टीव्ही बघून झाला की ते बटण बंद. लाइट कितीही वेळा येऊ-जाऊ दे, स्टिक झोपलेलीच. बघायचं तेव्हा आधी राउटरचा दिवा बघा, मग बटण दाबा. खर्च शून्य. मात्र व्हिडिओ चालू असतानाच लाइट गेली, तर उठून ते बटण बंद करायचं ध्यानात ठेवावं लागतं.

पहिले दोन महिने सगळा दोष जांभ्याच्या भिंतीवर टाकला होता, तो अर्धा मागे घेतो. चिऱ्याच्या दोन जाड भिंती, त्यात पावसात त्या पाणी पिऊन बसलेल्या. पाच गिगाहर्ट्झचं वायफाय माजघर ओलांडून जात नाही हे खरं. पण २.४ जातं, आणि एचडीला पाच एमबीपीएस पुरतात. स्टिक २.४ वरच जोडा. ती टीव्हीच्या पाठीला चिकटून बसत असेल तर वीतभर एचडीएमआय एक्स्टेंशन लावून बाहेर काढा, रेंजही सुधारते आणि तापतही कमी.

लांबलचक घरात पडवीत दुसरा राउटर लावतात, तिथे वेगळीच मजा होते. केबल त्याच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट घ्यायचं भोक) घातली की तो स्वतःचं निराळं नेटवर्क काढतो. फोनवर नेट आहे, टीव्हीवर नेट आहे, पण एकमेकांना ओळखत नाहीत. केबल लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणं जोडायचं भोक) घाला, त्याचा डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना नेटवर्कमधले पत्ते वाटायचं काम, बंद करा. राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ (वायफायवरच्या उपकरणांना एकमेकांशी बोलू न देणारी सेटिंग) चालू असेल तर तेही बंद.

कास्ट आणि मिररिंग यांतला फरक दुकानदारालाही सांगता येत नाही. कास्टमध्ये फोन फक्त पत्ता देतो, व्हिडिओ स्टिक स्वतः ओढते. फोन खिशात टाकून नारळ सोलायला गेलात तरी चालतं. मिररिंगमध्ये फोनच अख्खी स्क्रीन पाठवत राहतो: बॅटरी उतरते, चित्र मागे पडतं आणि बरीच पैसे भरून घेतलेली ॲप्स काळा पडदा दाखवतात. तो बिघाड नाही, चोरीविरुद्धचं कुलूप आहे. लॅपटॉपच्या क्रोममधून टॅब कास्ट केलात तर तेच, सगळा भार लॅपटॉपवर. व्हिडिओवरच कास्टचं चिन्ह असेल तर ते दाबा.

अनपेक्षित आनंद दिला तो यूट्यूबच्या टीव्ही कोडने. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये कोड दिसतो, तो फोनच्या यूट्यूबमध्ये ‘टीव्हीवर पहा’खाली एकदा भरला की फोन आणि टीव्ही एका वायफायवर असायची गरजच उरत नाही. ओटीवर वायफाय पोचत नसलं तरी फोनच्या डेटावरून आतला टीव्ही हलतो.

फायबर तुटलं की हॉटस्पॉट. दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला घरच्या वायफायचंच नाव आणि तोच पासवर्ड द्या, बँड २.४ ठेवा, स्टिक न विचारता जोडून घेते. मात्र पाच एमबीपीएसच्या हिशेबाने तासाला सव्वादोन जीबी जातात, दिवसाचा दीड जीबी पाऊण तासाच्या आत संपतो. ४८० पिक्सेलवर या.

गणपतीत चाकरमानी आले की वायफायवरच्या प्रत्येक अँड्रॉइड फोनवर तुमचा व्हिडिओ थांबवायचं बटण दिसू लागतं. आरती अर्ध्यात थांबते, कोणी थांबवली ते कळत नाही. गूगल होममध्ये स्टिकच्या सेटिंगमध्ये ‘इतरांना कास्ट नियंत्रित करू द्या’ बंद करा.

खाऱ्या हवेचा परिणाम ऑक्टोबरात दिसला: चित्रात पांढरे ठिपके, मध्येच दोन सेकंद काळोख. एचडीएमआय प्लगच्या पिनांवर हिरवट थर होता. लाइट बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ कापड भिजवून प्लग पुसायचा, वाळू द्यायचा, चार-पाचदा आत-बाहेर करायचा. पॉलिश पेपर लावू नका, पिनांवरचा मुलामा निघून जातो.

आता वळवाचे दिवस आले. गडगडायला लागलं की बोर्डाचं बटण बंद करून भागत नाही, प्लगच उपटायचा. आणि डिशची वायरही, कारण छपरावरची वीज तिच्यातून सेट टॉप बॉक्सात आणि तिथून एचडीएमआयने सरळ टीव्हीत शिरते.