पिन-ऑन-डिस्क की रेतीचं चाक? कोटिंग केलेल्या स्क्रूची झीज तपासायची तर

जळगाव एमआयडीसीत पाइपवाले, चटईवाले आणि डाळ मिलवाले शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे जॉबवर्कच्या शेडला झिजलेल्या मालाची कधी वाण पडत नाही. माल कुठलाही असो, गिऱ्हाइकाचा प्रश्न एकच. धुळ्याकडचा असेल तर उंबऱ्यातूनच विचारतो, ‘भाऊ, कोटिंग कितला दिन टिकी?’ ‘टिकेल हो’ म्हणून वेळ मारून नेता येते. पण हार्ड क्रोम (विजेने चढवलेला क्रोमियमचा कठीण थर) घ्यावं की जास्तीचे पैसे मोजून टंगस्टन कार्बाइडचा एचव्हीओएफ थर (वेगवान ज्वाळेतून पावडर फवारून दिलेला) द्यावा, हे ठरवायचं तर हातात काहीतरी कागद लागतो. तो कागद मिळवायचे आवाक्यातले मार्ग दोन: पिन-ऑन-डिस्क, म्हणजे एएसटीएम या प्रमाणं ठरवणाऱ्या संस्थेची टेस्ट जी ९९, आणि कोरडी रेती व रबराचं चाक, म्हणजे जी ६५. मी दोन्ही वापरलेत. पहिल्यात फिरत्या चकतीवर भार देऊन पिन किंवा गोळा घासतात, दुसऱ्यात फिरतं रबरी चाक नमुन्यावर दाबून मधून रेती सोडतात.

पिन-ऑन-डिस्कचा रिपोर्ट दिसायला देखणा असतो. घर्षणाचा आलेख सुरुवातीला वर चढतो, मग स्थिरावतो. कोटिंग फाटलं तर तिथेच उसळी मारतो. हे रेतीचं चाक कधीच दाखवणार नाही, कारण त्यात घर्षण मोजलंच जात नाही. शाफ्ट आणि बुश, पिस्टन रिंग, तेलात चालणारी कुठलीही जोडी असेल तर माझं पुढचं काही न वाचता जी ९९ करून घ्या. पीव्हीसीच्या स्क्रूलाही, म्हणजे पाइपच्या मशीनमध्ये बॅरल नावाच्या तापत्या नळीत फिरून प्लास्टिक पुढे ढकलणाऱ्या आटेदार दांड्यालाही, घर्षणाचं महत्त्व आहेच. माल पुढे सरकायचा तर त्याने बॅरलला धरायला हवं आणि स्क्रूवरून घसरायला हवं. फक्त ते तपासायचं तर समोर प्लास्टिकची पिन हवी. लॅबवाले सहसा स्टीलचा किंवा अ‍ॅल्युमिनाचा गोळा लावतात आणि आलेख हातात देतात. आमच्या स्क्रूवर स्टीलचा गोळा कुठे फिरतो?

पण माझं मन उडालं ते वजनापाशी. कार्बाइडचा थर दिलेली डिस्क नीट ग्राइंड करून, लॅप करून (बारीक घासून गुळगुळीत करून) पाठवली होती. टेस्ट झाली, अ‍ॅसिटोनने धुतली, वाळवली, काट्यावर ठेवली, तर वजन वाढलेलं. घासून वजन वाढलं! लॅबमधल्या पोराने शांतपणे पुन्हा धुतली, पुन्हा तेच. भिंगाखाली पाहिल्यावर उलगडा झाला: झिजला होता समोरचा स्टीलचा गोळा, आणि त्याचं स्टील डिस्कवरच्या चरीत करड्या पट्ट्यांनी चिकटून बसलं होतं. यात लॅबची चूक नव्हती. हिशोब करून पाहा. १० न्यूटन भार, १००० मीटर अंतर, आणि चांगल्या कार्बाइड थराची अशा कोरड्या घासणीतली झीज. त्यातून वजनात मिलिग्रॅमचा दहावा हिस्सासुद्धा पडणं मुश्किल. डिस्क स्वतः शंभर ग्रॅमच्या पुढची. मग उपाय काय? चरीवरून प्रोफाइलोमीटर (पृष्ठभागाचे चढउतार मोजणारं यंत्र) फिरवायचा, आडव्या छेदाचं क्षेत्रफळ काढायचं, त्याला घेराने गुणायचं. म्हणजे आणखी एक लॅब, आणखी एक कुरिअर. चरीत चिकटलेलं स्टील तिथेही आकडा बिघडवायला हजर असतंच. त्यातून पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच नमुना वेगळा आकडा देतो, कारण कोरड्या घर्षणावर ओलाव्याचा परिणाम होतो. हे कुणाला क्षुल्लक वाटेल. मला नाही वाटलं.

रेतीच्या चाकात हा गोंधळ नाही. ७६ बाय २५ मिलिमीटरची पट्टी, त्यावर दाबलेलं २२८.६ मिलिमीटर व्यासाचं रबरी चाक, आणि मधून मिनिटाला ३०० ते ४०० ग्रॅम सिलिका रेती. काही मिनिटांत पट्टीवर खळगा पडतो. वजन घटतं, आणि साध्या अ‍ॅनालिटिकल काट्यावर स्पष्ट दिसेल एवढं घटतं. क्रोमची आणि कार्बाइडची पट्टी शेजारी ठेवून गिऱ्हाइकाला खळग्यावरून नख फिरवायला सांगितलं की पुढचं बोलावं लागत नाही. शिवाय पाइपवाल्याच्या स्क्रूला खातं कोण? मालातलं कॅल्शियम, म्हणजे पीव्हीसीत भर म्हणून घातलेली कॅल्शियम कार्बोनेटची पावडर. शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट तसं मऊ असतं, पण स्वस्तातल्या पावडरीत सिलिकाचे कण येतात आणि फ्लाइटच्या, म्हणजे स्क्रूवरच्या आट्यांच्या, कडा तेच घेऊन जातात. रेतीचं चाक या झिजेच्या निदान नात्यातलं तरी आहे.

त्याची कटकट वेगळी आहे, आणि ती रोजची आहे. रेती एकदाच वापरायची. अर्ध्या तासाच्या पूर्ण टेस्टला दहा किलोच्या आसपास जाते. गिरणा जवळ आहे म्हणून तिथली वाळू चाळून टाकायचा मोह इथे प्रत्येकाला होतो. करू नका. आपल्या नद्यांची वाळू बेसाल्टच्या मुलखातली, तिच्यात काळ्या दगडाचे कण भरपूर. तिच्यावर काढलेला आकडा दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी जुळणार नाही. धुतलेली, चाळलेली, गोल दाण्याची क्वार्ट्झ रेतीच आणा, आणि पावसाळ्यात भट्टीत वाळवल्याशिवाय हॉपरमध्ये घालू नका. दमट झाली की नोझलमधून पातळ पडद्यासारखी न पडता अडखळत पडते आणि खळगा एका बाजूला खोल होतो. तसा खळगा दिसला की ती टेस्ट सोडून द्यायची. रबर झिजून चाक लहान होतं, त्याची दुरुस्ती हिशोबात धरावी लागते. आणि धूळ! सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही. एक्झॉस्ट आणि नीट मास्क नसेल तर हे मशीन शेडमध्ये आणूच नका, बाहेरून टेस्ट करून घ्या.

एका गोष्टीत दोन्ही सारखेच मुके आहेत. पीव्हीसी तापून कुजला की हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड सुटतं. ते हार्ड क्रोममधल्या केसासारख्या भेगांतून खालच्या स्टीलपर्यंत पोचतं आणि क्रोम पापुद्र्यांनी सुटतो. तो स्क्रू झिजलेला नसतो, खालून पोखरलेला असतो. तुमच्याकडे असे पापुद्रे दिसत असतील तर झिजेच्या टेस्टवर पैसे घालू नका, आधी बेस, म्हणजे थराखालचं स्टील, आणि थराची जाडी पाहा.

तरी ज्याच्या मालात कॅल्शियम भरपूर आहे आणि ज्याला फक्त दोन कोटिंगांतून एक निवडायचं आहे, त्याने माझ्या मते रेतीकडे जावं. आमच्या शेडमध्ये तेच उभं आहे. ऑर्डर देताना मात्र नुसतं ‘जी ६५’ म्हणू नका. प्रोसिजर ए ही ६००० फेऱ्यांची, क्रोमचा पातळ थर त्यात आरपार जातो आणि तुम्ही खालच्या स्टीलची झीज मोजत बसता. पातळ थराला प्रोसिजर सी सांगा: भार तोच १३० न्यूटन, पण फेऱ्या फक्त १००. आणि रिपोर्ट ग्रॅममध्ये घेऊ नका, घनमिलिमीटरमध्ये मागा. कार्बाइडचा थर क्रोमच्या जवळपास दुप्पट जड असतो, नुसत्या वजनावर तुलना केली तर चांगलं कोटिंग उगाच वाईट ठरतं.