पिलांची खाण्यापिण्याची भांडी: इंदूरच्या अंगणात मार्च ते नोव्हेंबर

बारा कडकनाथ आणि आठ वनराजा, अशी दोन जातींच्या कोंबड्यांची एकूण वीस पिलं. जागा म्हणजे रामबागेतल्या घरामागचं अंगण, त्यात जाळीचं खुराडं आणि खाली तीन बोटं जाड भाताचं तूस. मार्चमध्ये एक दिवसाची पिलं आली, नोव्हेंबरात तलंगा (तरुण कोंबड्या) अंड्यावर आल्या. तेवढ्या काळात पाण्याची तीन आणि खाद्याची तीन प्रकारची भांडी वापरून झाली. सगळ्यांना कसोटी एकच लावली. सकाळी भांडं उचलायचं, खालचं तूस मुठीत दाबायचं. मूठ उघडल्यावर तूस सुटं झालं तर भांडं पास. लाडू तसाच राहिला तर नापास, मग ते दिसायला कितीही देखणं असो.

एवढी कटकट कशाला? ओलं तूस, त्यात विष्ठा आणि वर 25 ते 30 अंश तापमान असलं की रक्ती हगवणीच्या जंतूंची अंडी एक-दोन दिवसांत रोग पसरवण्याजोगी होतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना त्याचा सर्वांत जास्त धोका. शिवाय माश्या आणि अमोनियाचा वास. 2017 पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहरात शेजाऱ्यांचं नाकही जरा तिखट झालंय, हे धरूनच चाला.

सुरुवात बहुतेक जण करतात तशीच, दोन लिटरच्या लाल-पांढऱ्या प्लास्टिक ड्रिंकरने (वर उलटी बाटली, खाली पाण्याचं तबक). पहिल्या तीन आठवड्यांसाठी याला तोड नाही. पिलाला पाणी दिसतं, चोच एकदा बुडवून दाखवली की बाकीची बघून शिकतात. पहिला आठवडा तबकात गोट्या किंवा धुतलेले खडे टाका, नाहीतर झोपाळू पिलू त्यातच तोंड घालून बुडतं. भांडं उबेसाठी लावलेल्या बल्बच्या थेट खाली नको, पण उबेच्या कडेला हवं.

याचे दोष मात्र समजून घ्यायला हवेत. वरचं पाणी आतल्या निर्वातामुळे अडून राहतं. बाटलीला बारीक तडा गेला किंवा आटे नीट बसले नाहीत, तर हवा शिरते आणि पाहता पाहता दोन लिटर पाणी तुसात. जमीन उताराची असली की खालच्या बाजूने तबक ओसंडतं, म्हणून खाली फरशीचा तुकडा ठेवून पातळी बघावी. तिसरा दोष इंदूरच्या एप्रिल-मे महिन्यांत हटकून दिसतो आणि विकणारा तो कधी सांगत नाही. सकाळी भरलेला ड्रिंकर दुपारपर्यंत अर्धा होतो, म्हणजे वर अर्धी बाटली हवा. त्या बाटलीवर ऊन आलं की हवा तापून फुगते आणि पाण्याला खाली रेटते. ड्रिंकर कुणी हलवलेला नाही, तडा नाही, तरी चारच्या सुमाराला भोवतीचं तूस ओलंचिंब. लोक कंपनीला शिव्या देतात, पण दोष उन्हाचा. उपाय दोन: पक्की सावली आणि दुपारी एकदा पूर्ण भरणं, म्हणजे आत हवाच कमी राहते.

चौथ्या आठवड्यात निपलवर (चोचीने पिन ढकलली की थेंब देणारी छोटी तोटी) आणलं. दहा लिटरची झाकणाची बादली, रंग गडद (पारदर्शक बादलीत आठ दिवसांत हिरवं शेवाळ धरतं), तळाला चार निपल. हिशेबाने दहा-बारा पक्ष्यांना एक निपल पुरतो, पण त्यातला एखादा चोंदला तर दुपारी कळतही नाही, म्हणून दुप्पट. निपल सियागंजच्या बाजारात बरोबर घेऊन जा आणि ड्रिलचा बिट त्याच्या आट्यांना लावून बघूनच घ्या. भोक किंचित लहान असलं तर आटे प्लास्टिकमध्ये कापत घट्ट बसतात. आट्यांवर टेफ्लॉन टेपचे तीन वेढे. आणि झाकणाला एक बारीक भोक पाडायला विसरू नका. हे विसरलं की झाकण घट्ट बसतं, आत निर्वात होतो, निपल थेंब थेंब देऊन बंद पडतो आणि माणूस निपल बदलत बसतो.

उंचीवर सगळं अवलंबून आहे. पक्ष्याचे पाय जमिनीला टेकलेले, मान वर ताणलेली आणि चोच खालून पिनेवर, अशी बादली टांगा. खाली लटकली तर पक्षी मान वाकडी करून आडवा पितो आणि अर्धं पाणी चोचीच्या कडेने तुसात. दोरीपेक्षा साखळी बरी, दर आठवड्याला एक-दोन कड्या वर घ्यायच्या. बदल करताना तीन-चार दिवस जुना ड्रिंकरही ठेवा, मग एका सकाळी, गारव्यात, तो उचला. उन्हाच्या वेळी हा प्रयोग नको.

निपलचा खरा शत्रू बोअरचं पाणी. नर्मदेचा नळ दिवसाआड, मधल्या दिवशी बोअरच. त्याचा पांढरा क्षार पिनेभोवती साचतो. पिन सुकी दिसते, पक्षी दोनदा टोचा मारून निघून जातो. रोज सकाळी प्रत्येक पिन बोटाने दाबून बघणं हे दहा सेकंदांचं काम आहे. तीन आठवड्यांनी निपल काढून निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी यात काही तास बुडवले की पुन्हा नव्यासारखे. पत्र्याच्या जस्ती भांड्यात व्हिनेगर घालू नका, आम्लाने जस्त पाण्यात उतरतं.

मे महिन्यात मात्र निपलची बादली एकटी पुरत नाही. बादलीतलं पाणी कोमट होतं आणि कोंबडी तेव्हाच पिणं कमी करते, जेव्हा तिला ते जास्त हवं असतं. एरवी खाद्याच्या दुप्पट पाणी लागतं. कडक उन्हात त्याहून कितीतरी जास्त. इथे मातीने बाजी मारली. लहान मडक्याला काठापासून बोटभर खाली भोक, मडकं भरून वर परळ (मातीची उथळ ताटली) झाकायचं आणि चटकन उलटं करायचं. भोक परळाच्या काठाखाली राहिलं पाहिजे, नाहीतर सांडतं. माती झिरपते, पाणी गार राहतं. रोज काथ्याने घासावं लागतं, आत बुळबुळीत थर धरतो. चार महिने ठेवायचं भांडं नव्हे, पण त्या सहा आठवड्यांसाठी सर्वांत चांगलं.

खाद्याच्या भांड्यात पैसा पाण्यासारखा वाहतो, फक्त दिसत नाही. पोल्ट्रीच्या पाठ्यपुस्तकांत आकडे असे: लांब भांडं काठोकाठ भरलं तर सुमारे 30 टक्के खाद्य वाया, दोन तृतीयांश भरलं तर 10, निम्मं भरलं तर 3 आणि एक तृतीयांश भरलं तर 1 टक्का. पहिले दोन-तीन दिवस कागदावर आणि ताटलीत खाद्य द्यावं (गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पिलांचे पाय फाकतात), पुढे पन्नास सेंटिमीटरचं लांब जाळीदार भांडं. दोन ते सहा आठवड्यांत पिलामागे पाचेक सेंटिमीटर जागा लागते; दोन्ही बाजू धरून वीस पिलांना हे नेमकं पुरतं.

सहाव्या आठवड्यानंतर टांगता गोल फीडर. काठ पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला, याहून खाली असला तर चोचीने खाद्य बाहेर फेकतात, पायाने उकरतात. वरच्या नळीला तिरकं झाकण हवंच, नाहीतर रात्री त्यावर बसून सगळं घाण करतात. वाढत्या वयात पक्ष्यामागे सातेक सेंटिमीटर धरा, म्हणजे विसांना एक फीडर नाही, दोन. आणि दोन असण्याचं मोठं कारण वेगळंच आहे. कडकनाथ म्हणजे झाबुआचा, 2018 मध्ये त्याच्या मांसाला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण खाण्याच्या पंगतीत अंगाने भारी वनराजा त्याला सरळ ढकलून देतो. दोन्ही फीडर निदान दीड मीटर अंतरावर आणि एक जरा खाली टांगला, तेव्हा कुठे कडकनाथांच्या गळ्याच्या पिशव्या संध्याकाळी भरलेल्या हाताला लागायला लागल्या.

दिवसातून एकदा फीडर रिकामा होऊ द्या. मॅशमधले (भरडलेल्या खाद्यातले) मक्याचे कण आधी टिपले जातात, तळाशी पीठ उरतं आणि जीवनसत्त्वं त्या पिठातच असतात.

पीव्हीसी पाइपचा फीडर व्हिडिओत फार देखणा दिसतो. जूनपर्यंत चाललाही. मग माळव्याची झड लागली आणि एल्बोमध्ये (पाइपच्या वळणात) मॅश चिकटू लागलं. वरून पाइप भरलेला, तोंडाशी दाणा नाही, मध्ये पोकळी. ठोकलं की पडतं, पण कोपऱ्यातलं ओलं पीठ तसंच राहतं आणि दोन दिवसांत आंबट वास सुटतो. मका-सोयाबीनच्या खाद्यात बुरशी म्हणजे अफ्लाटॉक्सिनची भीती, पिलांचं यकृत त्यानेच जातं. वास आलेलं खाद्य उन्हात वाळवून परत घालू नये, टाकूनच द्यावं. दाणेदार क्रंबल मिळत असेल तर पाइप विचारात घ्या; मॅशसाठी नाही.

रात्री दोन्ही फीडर घरात. उंदीर येतात, उंदरांमागे मुंगूस.

निपल बसले म्हणून छोटा ड्रिंकर अडगळीत टाकू नका. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस पाण्यातून द्यायची तेव्हा तोच लागतो, कारण लसीसोबत घालायची दूधपावडर निपलमध्ये अडकते. आदल्या दिवसापासून पाण्यात ब्लीचिंग किंवा कुठलंही जंतुनाशक नको, ड्रिंकर नुसत्या पाण्याने धुतलेला. लसीच्या सकाळी तासभर पाणी उचलायचं, मग लिटरला पाच ग्रॅम स्किम दूधपावडर ढवळून त्यात लस, आणि पाणी इतकंच की दोन तासांत संपेल. नळाचं पाणी क्लोरीनचं असतं, म्हणून त्या दिवसापुरतं बोअरचंच बरं.